बाजेचे चार कोपरे

प्रभूमध्ये प्रिय ताई, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली. वय 51, शाळेत शिक्षिका आहे. अडीच वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, पण तोंडातून फक्त ‘हो, हो’ येतं. नाही म्हणायचं असलं तरी ‘हो’च. तीस वर्षं त्यांनी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवली. ती पेटी आता कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवली आहे. दिवसा नणंद बघते, रात्र माझी.

भेटायला येणारे म्हणतात, देवाची काहीतरी योजना असेल. एका प्रार्थनासभेत तर सांगितलं की या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद करून दाखवा. मी बंद केल्या नाहीत, पण तेव्हापासून वाटतं की तो कमी विश्वास माझाच. रोज पहाटे वही घेऊन बसते, या दुःखामागे देवाचा हेतू काय ते लिहायला. पान कोरंच राहतं. रविवारी मागच्या बाकावर बसते आणि गीत सुरू झालं की तोंड उघडत नाही.

गेल्या महिन्यात रात्री तीनला त्यांची कूस बदलताना माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, ‘देवा, आम्हा दोघांना एकदाचं ने.’ ते जागे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे पाप झालं का? आणि हेतू मला कधी कळणार?

– एक भगिनी

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रात्री तीनच्या त्या वाक्यापाशी थांबले. म्हणून आधी त्याचं उत्तर देते.

ते पाप नव्हतं. तुम्ही ते देवाच्या तोंडावर बोललात, आणि देवाच्या तोंडावर केलेल्या गाऱ्हाण्याला पवित्र शास्त्र प्रार्थनाच म्हणतं. मोशे म्हणाला होता, या लोकांचा भार मला एकट्याला पेलवत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. एलीया रानात एका झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने एलीयाचं काय केलं ते आठवा. आधी त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हलवून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. प्रवचन नाही, रागावणं नाही. देवदूत एवढंच म्हणाला, ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचा आहे. अडीच वर्षं रात्रीची झोप तुकड्यातुकड्याने घेणाऱ्या बाईला मीही आधी भाकर आणि झोपच सांगणार. पहाटेची ती वही महिनाभर मिटून ठेवा आणि तो अर्धा तास झोपा. देव कोऱ्या पानाचा हिशेब मागत नाही.

मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून नर्स या नात्यानेही विचारते, आणि याचं उत्तर स्वतःला खरं द्या. ते वाक्य एका रात्रीच्या थकव्यात निघालं, की ते रोज मनात येतं? रोज येत असेल, जेवण जात नसेल, आपणच काही करून घ्यावं असं वाटत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. 14416 हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे. मोफत आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. नैराश्य हा आजार आहे. त्यावर औषध घेतलं म्हणून विश्वास उणा होत नाही, जसा तुमच्या मिस्टरांच्या बीपीच्या गोळीने होत नाही.

आणि त्या गोळ्या तुम्ही बंद केल्या नाहीत, त्याबद्दल मी तुमचे हात हातात घेते. एक झटका येऊन गेलेल्या माणसाची बीपीची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. येशूचं नाव घेऊन गोळ्या बंद करा असं सांगण्याला मी पाप म्हणेन, तुमच्या त्या वाक्याला नाही.

मिस्टरांशी त्या रात्रीबद्दल बोला मात्र. त्यांनी ऐकलंय आणि ते अजून आत धरून पडले आहेत. ‘मी थकले होते, तुमचा कंटाळा आला म्हणून नाही बोलले,’ असं साधंच सांगा. त्यांचा डावा हात हातात घ्या आणि ठरवून टाका की एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. अडीच वर्षांनी त्या माणसाला ‘नाही’ म्हणता येऊ दे.

आता हेतूकडे येते. त्यासाठी मला पवित्र शास्त्रातल्या ईयोबाच्या बायकोबद्दल बोलायचं आहे, कारण तुम्हाला वाचताना मला सारखी तीच दिसत होती.

ईयोबाचं दुःख आपण संडे स्कूलपासून ऐकतो. गुरं गेली, नोकर गेले, एका दिवसात सात मुलगे आणि तीन मुली गेल्या, मग अंगभर गळवं. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. ती दहा मुलं कुणाच्या पोटची होती? त्याच्याच बायकोच्या. घर तिचंही बसलं होतं. आणि वर आता आजारी नवरा तिच्यासमोर होता. ईयोबाच्या सबंध पुस्तकात, बेचाळीस अध्यायांत, तिला एक वाक्य मिळालं आहे: देवाला शाप द्या आणि मरा. त्या एका वाक्यावर शेकडो वर्षं प्रवचनं झाली, अविश्वासी बायको कशी असते ते सांगायला. मीही तशी ऐकली आहेत. ईयोब तिला म्हणतो, मूर्ख बाईसारखं बोलतेस. पण पुस्तकाच्या शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग कुणावर आहे ते उघडून बघा. अलीफज आणि त्याचे दोन मित्र. तिच्यावर नाही. तिच्याबद्दल देव एक शब्दही कडू बोलत नाही. माझ्या मते त्याला ठाऊक होतं की ते वाक्य रात्री तीनचं आहे.

मित्रांवर राग का? सुरुवातीला ते फार चांगले वागले होते. त्याला पाहून मोठ्याने रडले, जमिनीवर त्याच्याशेजारी सात दिवस आणि सात रात्री बसले, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आठव्या दिवसापासून त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. देव न्यायी आहे, उगाच कुणाला मारत नाही, तुझंच काहीतरी चुकलं असेल, कबूल कर म्हणजे सगळं बरं होईल. एकेक वाक्य सुटं काढलं तर धार्मिकच वाटेल. आणि देव त्यांना सांगतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर अध्यायामागून अध्याय देवाशी भांडत होता. त्याचं भांडण देवाने योग्य ठरवलं आणि यांची स्पष्टीकरणं चूक.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. ईयोबाला कारण शेवटपर्यंत कळत नाही. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणं झालं होतं ते आपल्याला, वाचणाऱ्यांना, पहिल्या दोन अध्यायांत कळतं. त्याला कुणी सांगत नाही. देव वादळातून येतो, पहाट दाखवतो, समुद्र दाखवतो, रानगाढव आणि ससाणा दाखवतो, पण ‘तुझी मुलं का गेली’ याचं उत्तर देत नाही. तो स्वतः येतो, एवढंच. आणि ईयोब म्हणतो, तुझ्याविषयी मी कानांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहतोय. हेतू न कळता देव भेटला असं त्या पुस्तकात घडतं. तुमचं पान कोरं राहतं हा तुमच्या विश्वासाचा दोष असेल, तर तो ईयोबाचाही होता.

वधस्तंभावर आपल्या प्रभूनेही हाच प्रश्न विचारला. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली होती, डोंगरावर रूपांतर झालं तेव्हाही झाली होती. या वेळी नुसता अंधार. ‘का’ विचारून उत्तर न मिळालेल्यांच्या बाकावर देवाचा पुत्र तुमच्याशेजारी बसलेला आहे. मागच्या बाकावर.

ताई, एक गोष्ट माझी सांगते. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना तापात गेला, चार दिवसांत. घरी माणसं आली. देवाला चांगली फुलं आवडतात, एक जण म्हणाला. यातून प्रभू तुम्हाला मोठ्या सेवेसाठी तयार करतोय, दुसरा म्हणाला. मी सगळ्यांना चहा दिला. आमच्या चाळीत एक म्हातारी होत्या, मंडळीतल्याही नव्हत्या. त्या आल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मोरीत जाऊन बसल्या आणि ढिगाने पडलेली भांडी घासायला लागल्या. अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती त्याचा शाळेचा डबा लागला. ताप भरल्यावर तो शाळेतून तसाच घरी आला होता, डब्यात त्या दिवशीची भेंडी तशीच होती, बुरशी धरलेली. मला तो डबा उघडायचा धीर होत नव्हता आणि फेकायचाही नव्हता. त्यांनी विचारलं नाही. उघडला, धुतला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. तो आवाज, डबा फळीवर टेकल्याचा, मला अजून ऐकू येतो. त्या वर्षात मला देव कुठे भेटला असं कुणी विचारलं, तर मी ती मोरी दाखवीन.

पुढे रात्रपाळीला बाळ दगावलेल्या आया माझ्या वॉर्डात आल्या. त्यांच्या खाटेशी मी बसू शकायचे, काही न बोलता, त्यांचं दूध उतरून दुखायला लागलं की काय करायचं ते करत. मुलगा जाण्याआधी मला ते जमत नव्हतं, मी लगबगीने इंजेक्शन देऊन पुढे जायचे. हे त्या दुःखातून आलं, हे मी मानते आणि त्यासाठी प्रभूचे आभारही मानते. पण ‘म्हणून तुझा मुलगा नेला’ असं कुणी आजही म्हणालं तर मी उठून जाईन. ‘त्यातून’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द मी फार सांभाळून वापरते. त्यातून देवाने काही घडवलं, असं म्हणता येतं, तेही ज्याचं दुःख त्यालाच, आणि बहुधा वर्षांनी. ‘म्हणून’ मात्र मला पवित्र शास्त्रात फार थोड्या ठिकाणी सापडतं. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी तेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत, असंही तो म्हणाला, आणि बोलत न बसता जमिनीवर थुंकून चिखल कालवायला लागला. हेतूचं बोलणं त्याच्या तोंडी आलं, पण हात चिखलात घालून.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. आपल्या मंडळ्यांमधून त्यांचं नाव साक्षीसाठी फार घेतात, पण वर्षं मोजत नाहीत. ऐन तरुणपणी दुष्काळात आई-वडील गेले, स्वतः उपाशी वणवण केली. 1880मध्ये भाऊ गेला. 1882मध्ये नवरा पटकीने गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरात मनोरमा, वर्षाचीसुद्धा नाही. 1896मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा या बाई तिकडे गेल्या आणि भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक कशी असते हे त्यांना सांगावं लागलं नाही. पण दोन्ही दुष्काळांमध्ये वीसेक वर्षं आहेत! आई-वडील गेले त्या दिवशी कुणी त्यांना म्हणालं असतं की पुढे तुझ्या हातून मोठं काम व्हायचंय, तर ते क्रूर झालं असतं, खरं ठरूनही. आणि हिशेब तिथे जुळूनही संपला नाही. 1921मध्ये मनोरमा आईआधी गेली. एकटी लेक. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या शेवटच्या दुःखाचा हेतू काय होता? मला त्यांच्या चरित्रात तो दिसत नाही. दिसतं ते एवढंच की त्यांनी प्रभूचा हात सोडला नाही.

तुमची वीस वर्षं झालेली नाहीत, ताई. अडीच झालीत आणि ती अजून चालू आहेत. दुःखाच्या मधोमध उभं राहून त्याचा अर्थ लिहा म्हणणं म्हणजे पुरात उभ्या माणसाला नदीची लांबी विचारणं आहे.

‘सगळ्या गोष्टी मिळून कल्याणासाठी होतात’ हे पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन तुम्हाला नक्की कुणीतरी ऐकवलं असेल. ते मलाही प्रिय आहे. पण पौल असं म्हणत नाही की सगळ्या गोष्टी कल्याणाच्या आहेत. आणि त्याच अध्यायात, त्या वचनाच्या जरा अलीकडे, कण्हणं तीनदा येतं. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. अनिर्वाच्य, म्हणजे ज्याला शब्द नाहीत असं. तुमच्या घरात एक माणूस शब्दांवाचून पडला आहे आणि तुम्ही मागच्या बाकावर शब्दांवाचून बसता. ज्या घरात कुणालाच प्रार्थना करता येत नाही, तिथे आत्मा काय करतो ते पौलाने लिहून ठेवलं आहे.

राहिला विश्वास कमी असल्याचा आरोप. कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. चौघांनी त्याला बाजेवर उचलून आणलं, दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढे सोडलं. मार्क आपल्या शुभवर्तमानात काय लिहितो? येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. पडून असलेल्या माणसाच्या विश्वासाची चौकशीच झाली नाही, त्याला बहुधा तेव्हा नव्हताही. चार जण होते म्हणून बाज वर चढली. तुमच्या घरी चारही कोपरे तुम्ही धरले आहेत, दिवसा नणंदबाई एखादा धरतात, आणि आम्ही मंडळीतली माणसं दारात उभं राहून तुमचे हात का थरथरतात ते विचारतो आहोत. कमी पडलाच असेल तर तो आमचा विश्वास.

म्हणून आता कोपरे वाटून द्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सांगा. मोघम नको, वार आणि वेळ घालून. पाळकसाहेबांना चार ओळींची चिठ्ठी लिहा: गुरुवारी आणि शनिवारी रात्री दहा ते पहाटे पाच, तरुण संघातले दोघे, कूस दर दोन तासांनी बदलायची, कशी ते मी दाखवीन. टाचा, माकडहाड आणि खुबे बघायचे, कातडी लाल दिसली की सांगायचं. महिला मंडळाने घरसभा तुमच्याकडे घ्यायची असेल तर आधी रविवारचा स्वयंपाक करून आणावा. मागायला लाज वाटेल. तुम्ही शिक्षिका आहात, आजवर देणारीच बाजू तुमची. पण आठवड्यातल्या त्या दोन रात्री सलग झोप मिळाली की तुमची प्रार्थना आपोआप निराळी होईल, हे मी पैजेवर सांगते.

शेवटची गोष्ट पेटीची. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून चालतं, म्हणून उजवी बाजू आणि वाचा पुष्कळदा एकत्र जातात. गाण्याचं तसं नाही, त्यात मेंदूची उजवी बाजूही मोठा भाग घेते. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं त्यांना. नाताळात मुलं गात आली तेव्हा ते ओळीमागून ओळ शब्दांसकट गायले, आणि गाणं थांबलं की पुन्हा मुके. स्पीच थेरपिस्ट याचा उपयोगही करून घेतात, जिल्ह्याच्या ठिकाणी कुणी आहे का ते विचारा. सगळ्यांना जमतं असं नाही, तुमच्या मिस्टरांना जमेल असं वचन मी देत नाही. बोलता येणार नाही कदाचित, गाताही येणार नाही.

पण पेटी खाली काढा. फिजिओथेरपिस्टला विचारून त्यांना उशांना टेकवून बसवा. मंडळीतला एखादा मुलगा बोलवा, ज्याला त्यांनी शिकवलं असेल असा कुणीतरी असेलच. सूर त्याला धरू दे. तुम्ही गायलं नाहीत तरी चालेल, नुसत्या बसा. पेटी वाजवताना पट्ट्यांवर उजवा हात लागतो, तो गेला. भात्याला डावा लागतो. पेटी जरा तिरकी ठेवा आणि भाता त्यांच्या हाताशी द्या.

तुमची ताई